माझ्या टेम्पोवरची अर्धी चाल

सुजाता खंदारे हिने मला फसवलं.

हे आधीच सांगून टाकतो. पुढे ओघात तिच्याविषयी एखादा चांगला शब्द लिहून गेलोच, तर वाचणाऱ्याचा गैरसमज नको. या मुलीने माझी पेटी नेली, माझ्या टेम्पोचा भोंगा हंगामभर स्वतःच्या कामाला लावला, माझं गिऱ्हाईक झोपवलं, आणि मी जाब विचारायला गेलो तर मलाच म्हणाली, "नाना, तुमी पांढरी दोनला गेलात. जरा खाली या."

पांढरी दोन ही पेटीवरची पट्टी. गाणारी माणसं आपला सूर पेटीच्या पट्टीवरून सांगतात, काळी एक, पांढरी पाच वगैरे. सुजाताला मात्र समोरचा माणूस गाणारा असावा लागत नाही. कांदे विकणारा असला तरी ती त्याची पट्टी काढते. तिच्या लेखी माणसाचं नाव नंतर, पट्टी आधी. आमच्या गल्लीतले पोस्टमन काळी तीन. समोरचा चहावाला एरवी पांढरी चार, दूध नासलं की पांढरी सहा. मी काळी एक. "आन् खोटं बोलताना पांढरी दोन," असं ती चारचौघांत सांगते. ज्याचं पोट खोटं बोलण्यावर चालतं त्याच्याविषयी असं बोलू नये, एवढीही अक्कल या मुलीला नाही.

सेलूच्या स्टेशन रोडला माझं जुन्या सामानाचं दुकान आहे. हातगाडीवर सुरुवात केली. आता पत्र्याची मोठी शेड आहे, टेम्पो आहे, टेम्पोवर शेषराव नावाचा ड्रायव्हर आहे. आवाज तेवढा वडिलांकडून आला, बाकी सगळं मी कमावलं. मोडक्या शिवणयंत्रापासून जिनिंगच्या जुन्या मोटारीपर्यंत मी काहीही घेतो आणि काहीही विकतो. गिऱ्हाईक वस्तूवर हात कुठे ठेवतो, यावरून त्याला ती किती हवी आहे हे मला कळतं. सौद्यात मला हरवलेला माणूस या तालुक्यात नव्हता. नव्हता, असं आता म्हणावं लागतं.

पहिल्यांदा ती आली ती उन्हाळ्यात. नमस्कार नाही, नाव नाही. आत शिरली आणि माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला. सेलूचा मे महिना ज्याने काढलाय त्याला कळेल की दुसऱ्याचा पंखा बंद करणं म्हणजे काय असतं.

"ए पोरी, पंखा कामून बंद केलास?"

"बेसूर हाय. त्याच्यात आयकू येत न्हाई."

"काय आयकायचंय तुला?"

"भांडी."

मग तिने मांडणीवरच्या पितळी भांड्यांना बोटाच्या पेराने एकेक टिचकी मारली आणि प्रत्येकाला कान लावला, डॉक्टर छातीला लावतो तसा. बरोबर दोघं होती. एक कोमल, गाणारी, कशालाही हसणारी. दुसरा फिरोज, तबला शिकणारा. याची बोटं कधी गप्प नसतात, माझ्या टेबलावर, खिडकीच्या गजावर, स्वतःच्या गुडघ्यावर चालूच. तिघं एकाच संगीताच्या वर्गातली. मी चहा सांगायला दारात गेलो आणि मागे वळतो तर माझी मांडणी पार बदललेली. मी भांडी वजनाने लावली होती. तिने आवाजाने लावली. एवढा थोरला हंडा आणि त्याच्या मांडीला मांडी लावून चिमुकला गडवा.

मी ओरडलो. ती म्हणाली, "आता एका लायनीत वाजवून बघा." फिरोजने लाकडी पळी घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत नेली. सगळी सरगम निघाली. रस्त्यावरची माणसं दारात जमली. मी त्यांना हाकललं, पोरांनाही हाकललं, आणि भांडी परत वजनाने लावली. त्याच संध्याकाळी एक बाई आली आणि तोच गडवा, छान वाजतो म्हणून, घासाघीस न करता घेऊन गेली. हे मी सुजाताला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

ती यायला लागली. कपाला टिचकी मारल्याशिवाय चहा पीत नाही. रेल्वेचा भोंगा वाजला की बोलता बोलता थांबते आणि "आज ड्रायव्हर नवा हाय" असं काहीतरी म्हणते. एका रिक्षात बसत नाही, कारण तिचा हॉर्न आणि इंजिन यांचं एकमेकांशी जमत नाही. मी म्हणालो, "तुझं लग्न कसं व्हायचं?" तर म्हणाली, "घोरण्याचा सूर आयकून करणार." कोमल हसून हसून पोत्यावर पडली.

माझ्या लक्षात यायला हवं होतं. वस्तू हवी असलेला माणूस वस्तूकडे पाहतो. माझ्या डोक्यावरच्या फळीवर एक पेटी होती, आणि ही मुलगी रोज येऊन सगळ्या दुकानाकडे पाहायची, फक्त त्या फळीकडे पाहायची नाही.

पेटी साधीसुधी नव्हती. हैदराबादेत एका गवयाचं घर मोडलं तेव्हा मी ती आणली होती. स्केल चेंजर म्हणतात तिला. बोटं जिथल्या तिथं ठेवायची, पट्ट्यांचा अख्खा पाट सरकवायचा, की तेच गाणं वेगळ्या सुरात वाजतं. ज्याला एकाच पट्टीत वाजवता येतं असं नवशिकं पोरही तिच्यावर वाटेल त्या सुरात वाजवू शकतं.

पावसाळा संपता संपता सुजाताने एकदाचं विचारलं, "ती पेटी केवढ्याला द्यायची?"

मी भाव सांगितला.

"परत म्हणा."

परत सांगितला.

"अजून एकडाव."

तिसऱ्यांदा मी तापलो. ती कोमलकडे वळली. "बघितलीस? पहिल्यांदा काळी एक, आता पांढरी दोन. खरा भाव लय खाली हाय."

मी खाली आलो. ती म्हणाली, "परत म्हणा." अजून खाली आलो. पुन्हा "परत म्हणा." शेवटी मी तोंडच उघडायचं नाही असं ठरवलं आणि जनावरांच्या बाजारात करतात तसा बोटांनी भाव दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "गप बसलात म्हंजे अजून खाली हाय." दारात माणसं जमलेली. चहावाला किटली घेऊन उभा. मी एवढा खाली आलो की आणखी खाली फक्त फुकट होतं.

तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडं पैसे न्हाईतच, नाना."

"मग भाव कशाला केलास गं?"

"तुमी किती खाली येता ते बघायचं व्हतं. आता सौदा करू."

सौदा असा. दिवाळीपासून चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामाला, पेटी तिच्याकडे. बदल्यात माझ्या टेम्पोवरच्या भोंग्यासाठी ही तिघं नवी हाळी गाऊन देणार. तोवर भोंग्यावर माझाच आवाज होता. सुजाताचं म्हणणं, तो ऐकून बाया दारं लावून घेतात. शेषरावही मान डोलावत होता, नमकहराम.

"पण तुला पेटी कशाला पायजे?"

"लेकरं झोपवायला."

मी हसलो. सौद्यात हसू नये, हा माझा स्वतःचा दस्तूर आहे. त्या दिवशी तो मोडला.

देवगाव फाट्याच्या पुढे सुजाताचं गाव. दिवाळी झाली की तिथली निम्मी घरं कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. नवरा-बायको ऊस तोडायला, म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं घरी. माझी पेटी कोणी आपटेल या भीतीने मी स्वतः टेम्पोबरोबर गेलो, तो नेमका निघायचा दिवस. ट्रॅक्टर उभे, बाया पिठाचे डबे बांधतायत, मुकादम शिव्या देतोय. आणि या गर्दीत ही तीन पोरं घरोघर फिरत होती. सुजाता एका बाईच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "वहिनी, झोपताना याला काय म्हणता?"

बाई लाजली. "माय, मला कुठं गाता येतंय?"

"गाऊ नका. त्याला मांडीवर घ्या आन् झोपवा. मी आयकते."

भर दुपारी, ट्रॅक्टरच्या आवाजात, बाईने पोराला मांडीवर घेतलं. पोरगं चांगलं शाळेत जाणारं, पाय खाली लोंबत होते. ती हळूच गुणगुणायला लागली. सुजाताने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "काळी पाच. दुसऱ्या ओळीला जरा घसरता, ते तसंच ठेवायचं, कोमल. ते सुधरू नको." कोमलने शब्द पाठ केले. फिरोज ऐकतच नव्हता. तो बाईच्या हाताकडे बघत होता. पोराच्या पाठीवर ती कशी थोपटते, बोटांनी की तळव्याने, दोन थापांच्या मध्ये किती थांबते. मग त्याने स्वतःच्या मांडीवर तसंच थोपटून दाखवलं. बाई म्हणाली, "अजून हळू." त्याने हळू केलं. बाईने पदर तोंडाला लावला आणि ट्रॅक्टरकडे निघून गेली.

मी सुजाताला म्हणालो, "एवढा खटाटोप कशाला? मोबाईलमधी भरून घ्यायचं आन् लावायचं."

"करून बघितलं, नाना. मोबाईलमधून आई बोलली की लेकरू मोबाईलच्या मागं आई हुडकतंय. मग लयच रडतंय. माणूसच लागतंय. आन् सूर आईचाच लागतोय, न्हाईतर म्हणतात, हे आमचं गाणं न्हाई."

तर पेटी त्यासाठी हवी होती. जितक्या आया तितके सूर. वर्गातली नवी पोरं आळीपाळीने गावात जाणार, त्यांना सगळ्या पट्ट्यांत कुठून वाजवता येणार? माझ्या पेटीची पट्टी सरकवली की काम झालं. मला हे पटलं, असं मी म्हणत नाही. पेटी नीट ठेवा एवढं बजावून परत आलो.

फसवणूक कळली ती त्यानंतर.

भोंग्यावर नवी हाळी चढली. शब्दांविषयी माझी तक्रार नव्हती.

जुनं द्या गं पुरानं द्या,
कोपऱ्यात पडलेलं आणून द्या...

एवढंच, परत परत. गायली कोमलने. चाल सुजाताची. ऐकायला गोड, हे मी मान्य करतो, पण इतकी मऊ की बोलायची सोय नाही. आणि मध्येच तुटायची. जिना चढणारा माणूस वरच्या पायरीवर पाय उचलून थांबावा तशी ती "द्या"वर थांबायची आणि पुन्हा खालून सुरू व्हायची. शेषराव पहिल्या आठवड्यात येऊन म्हणाला, "मालक, गल्लीत टेम्पो शिरला की बाया बाहीर येतात."

"चांगलंय की."

"लेकरं घेऊन येतात. टेम्पोमागं उभ्या राहतात, लेकरू झोपलं की आत जातात. भंगार कोणीच आणंना."

मी विश्वास ठेवला नाही. पेडगावच्या बाजूला स्वतः गेलो. भरल्या गल्लीत माझा टेम्पो उभा, भोवती आठ-दहा बाया कडेवर लेकरं घेऊन डुलतायत. एक म्हणाली, "भाऊ, जरा थांबा, आताच डोळा लागायलाय." मी, ज्याने आयुष्यात कोणासाठी टेम्पो थांबवला नाही, तो त्या पोराच्या डोळ्यासाठी थांबलो. दिवसभरात मिळाला एक गंजलेला तवा, तोही एका आज्जीने उपकार म्हणून दिला.

मी सुजाताला बोलावून घेतलं. ती आली, पंखा बंद केला, बसली.

"ही हाळी हाय का अंगाई?"

तिने टेबलावरच्या कपाला टिचकी मारली.

"बदल ती चाल. जरा जोरदार कर, फिरोजचा ढोल टाक."

"ढोल टाकते. शब्द बदलते. तुमचं नाव घालते, लय मोठ्यानं. चाल राहू द्या."

"कामून?"

"राहू द्या, नाना."

"बरं, मग पुरी तरी कर. अशी अधांतरी कामून सोडलीस?"

"एवढीच हाय."

माझा अनुभव सांगतो, सौद्यात माणूस सगळं सोडतो आणि एक गोष्ट धरून ठेवतो, तेव्हा खरा माल तिथे असतो. मला हे ठाऊक होतं. पण मी तापलेलो होतो आणि तापलेल्या माणसाला स्वतःचा अनुभव आठवत नाही. मी म्हणालो, हंगाम गेला खड्ड्यात, पेटी परत घेईन. ती म्हणाली, "पांढरी दोन," आणि पंखा सुरू न करताच निघून गेली.

पुढे संक्रांतीनंतर मी देवगाव फाट्यावर टेम्पो घेऊन उभा होतो. एक कूलर घ्यायचा होता, मालक अडून बसलेला. भोंगा चालू. शेजारी प्रवाशांनी गच्च भरलेली एक जीप थांबली. पुढच्या सीटवर एक वयस्क बाई, हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीतून कोंबड्याची मान बाहेर. ती भोंगा ऐकत होती. ऐकता ऐकता खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि मला ओरडून म्हणाली, "ओ दादा, ही चाल अर्धीच हाय! हिच्या पुढं लय गोड हाय!"

मी कूलरच्या पंख्यात बोट घालून खोट काढत होतो. तिकडून ओरडलो, "पुढचं आयकायचं तर घरातलं भंगार आणा, मावशे!" जीपमधली माणसं हसली. कोंबडा ओरडला. जीप सुटली. कूलर मी माझ्या भावाने घेतला आणि खूश झालो.

आणि मग तिथूनच, कूलर टेम्पोत घालून, तसाच सुजाताच्या गावाला गेलो. म्हटलं आज पेटी घेऊनच यायची. आता तर रस्त्यावरची परकी माणसंही माझ्या हाळीला नावं ठेवायला लागली होती.

दिवेलागण झाली होती. विहाराच्या ओसरीवर सतरंज्या टाकलेल्या, त्यावर लेकरं. कडेला म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसलेल्या. माझी पेटी मध्ये, एका धुतलेल्या चादरीवर. कोमल हळू आवाजात गात होती, एक नवी पोरगी पेटीवर होती. गाणं संपलं की सुजाता पट्टी सरकवायची आणि कोमल पुढच्या लेकराजवळ जाऊन त्याच्या आईचं गाणं त्याच्या आईच्या सुरात म्हणायची. फिरोज दोन लेकरांच्या मध्ये बसला होता. उजवा हात एकाच्या पाठीवर, डावा दुसरीच्या. उजवा भराभर, डावा सावकाश. दोन आयांचे दोन ठेके, एकाच वेळी. तबला शिकणाऱ्याच्या हाताला इतकं काम मी कुठल्या मैफलीत पाहिलेलं नाही. खरं तर मैफलीला मी कधी गेलेलोच नाही.

मी पायरीवर पाय ठेवून तोंड उघडलं. सुजाताने हात वर केला आणि ओठ हलवून म्हणाली, "पांढरी दोन. जरा खाली या."

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं भांडण, जे मी कुजबुजत केलं. कुजबुजत भांडता येत नाही. शिवीचा जीवच जातो. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि हळू आवाजात म्हणालो, "पेटी दे."

"जयंतीला देते."

"आताच दे. तू मला फसवलंस. माझा धंदा बुडवलास. आज तर हद्द झाली, फाट्यावर जीपमधली एक म्हातारी मला म्हणाली, ही चाल अर्धीच हाय, हिच्या पुढं लय गोड हाय. लोकांना कळतंय तुझा अर्धवट माल!"

सुजाताचा हात पेटीच्या पट्टीवर होता. तो तसाच राहिला.

"काय म्हणाली?"

"ही चाल अर्धीच हाय म्हणाली."

"परत म्हणा."

"ही चाल अर्धीच हाय, हिच्या पुढं लय गोड हाय."

"परत म्हणा, नाना. जशी म्हणाली तशी. वर म्हणाली का खाली? घोगरा व्हता का बारीक?"

मी प्रयत्न केला. देवाशपथ केला. हिरव्या लुगड्यातल्या म्हातारीचा आवाज मी माझ्या आवाजात काढायला गेलो, एक लेकरू दचकून हललं, फिरोजने डाव्या हाताने त्याला सांभाळलं. मला भाव लक्षात राहतात. आवाज लक्षात राहत नाहीत.

"कुठली जीप व्हती? कुठं चालली व्हती?"

"मी कूलर बघत व्हतो गं."

तिने पेटीवरचा हात काढून घेतला. मग ज्या आवाजात आम्ही भांडत होतो त्याच आवाजात तिने सांगितलं.

ती लहान असताना आई तिला बरोबर न्यायची, कारखान्यावर. उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, झोपवायची. एका हंगामात आईला ताप आला, दवाखाना लांब होता, आणि परत येताना ट्रॅक्टरमध्ये सुजाता होती, आई नव्हती. चेहरा आठवत नाही. फोटो नाही. ही चाल तेवढी आठवते, शब्दसुद्धा नाहीत, नुसती चाल. आज्जीला विचारलं, ती गावात असायची. मामांना विचारलं, ते म्हणाले आमच्याकडे असलं गाणं नव्हतं, ऊसतोडीच्या टोळीतल्याच कुठल्यातरी बाईकडून उचललं असेल. वडिलांना विचारलं.

"बाबा म्हणतात, मी दिवसभर ऊस तोडून यायचो. गाणं कानावर यायच्या आधीच डोळा लागायचा."

"आन् तुला पुढचं कसं आठवत न्हाई?"

ती माझ्याकडे बघून हसली. "मी पण झोपत असंन की, नाना. अंगाईच हाय ती. पुढचं माझ्यापर्यंत आलंच न्हाई."

टोळीतल्या बाया कुठल्या कुठल्या गावच्या. आता कोण कुठे आहे, कोणाला ठाऊक नाही. पण माझा टेम्पो गावोगाव जातो, गल्लीगल्लीत जातो, दिवसभर तेच वाजवतो. कोणीतरी ओळखेल, थांबवेल, म्हणेल की पुढे असं आहे. म्हणून शब्द माझे, ढोल फिरोजचा, नाव वाटेल तेवढं मोठ्याने, पण चाल बदलायची नाही.

"सगळ्यांची पट्टी काढते मी," ती म्हणाली. "आईची काढता येत न्हाई. माझ्या डोक्यात ती माझ्याच सुरात म्हणते."

तेवढ्यात सतरंजीवरून एक बारीक आवाज आला, "ताई, माझ्या आईचं राहिलं." सुजाताने पट्टी सरकवली आणि मान वळवून त्या लेकराला म्हणाली, "तुझी आई काळी चार. आलेच."

मी पेटी आणली नाही. येताना टेम्पोत शेषरावने भोंगा लावला होता, तो मी बंद कर म्हणालो नाही. चाल वरच्या पायरीवर पोचायची, पाय उचलायची, आणि पुन्हा खाली जायची. फाटा आला तेव्हा मी टेम्पो थांबवायला सांगितला. जीपचा स्टँड रिकामा होता.

तर फसवणूक ती फसवणूकच. माझ्या भोंग्यावर तिने स्वतःचं काम केलं आणि मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो का? म्हणालो असतो. म्हणूनच तिने सांगितलं नाही, इतकी ती पक्की आहे. आता जयंती होऊन गेली, टोळ्या परत आल्या, आया आपापल्या लेकरांना आपापल्या सुरात झोपवायला लागल्या. पेटी मी मागितलेली नाही, तिने दिलेली नाही. भोंग्यावर हाळी तीच आहे. बाजाराच्या दिवशी मी स्वतः देवगाव फाट्यावर टेम्पो लावतो आणि भंगाराचं काम शेषरावावर सोडून प्रत्येक जीपच्या पुढच्या सीटवर बघतो. परवा एका हिरव्या लुगड्यामागे मी धावलो, तर ती भलतीच बाई निघाली आणि हातातला कोंबडा सोडून पळाली.

पण माझी खरी तक्रार सुजाताबद्दल उरलेली नाही. ती तुमच्याबद्दल आहे, फाट्यावरच्या बाई. पिशवीतल्या कोंबड्याच्या बाई. तुम्ही कोण, कुठल्या गावच्या, मला ठाऊक नाही. एका पोरीच्या आईचं अर्धं गाणं तुमच्याकडे आहे. एवढं सांगायचं की पुढे लय गोड आहे, आणि निघून जायचं, ही कुठली रीत? मी ओरडलो, हे खरं. म्हणून काय उतरायचं नाही? जीप थांबवायची नाही? दुसऱ्याची वस्तू अशी गळ्यात घेऊन फिरायची?

सेलूला या. स्टेशन रोडला विचारा, जुन्या सामानाचे नाना कुठं असतात, कोणीही सांगेल. दुकानातली हवी ती वस्तू उचलून न्या, मी भाव करणार नाही. पंखा मी आधीच बंद करून ठेवीन. सुजाताला निरोप धाडीन, ती येईल, तुमच्यासमोर बसेल आणि म्हणेल, परत म्हणा. तुम्ही म्हणेपर्यंत मी दारातून हलणार नाही आणि तुम्हालाही हलू देणार नाही. तुम्हाला जबाब द्यावाच लागेल, बाई. पुढे काय आहे?